आठशे तासांचा हिशेब

(प्राथमिक शिक्षक आणि पक्षाचे कार्यकर्ते यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शिक्षकाविषयी बोलावयाचे म्हटले की वक्त्यापुढे दोन मळलेल्या वाटा असतात. पहिली गौरवाची. दरवर्षी ५ सप्टेंबरला ती झाडूनपुसून स्वच्छ केली जाते, तिच्यावर राष्ट्रनिर्मात्याचे आणि ज्ञानदीपाचे शब्द अंथरले जातात आणि ६ सप्टेंबरला ती पुन्हा ओस पडते. दुसरी वाट निंदेची. तिच्यावर मात्र वर्षभर वर्दळ असते. मास्तर शिकवीत नाहीत, पगार तेवढा मोजून घेतात, चौथीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही, हे पारावर आणि वर्तमानपत्रात सारख्याच त्वेषाने बोलले जाते. या दोन वाटा परस्परविरुद्ध दिशांना जातात असे वाटते. वस्तुतः दोन्ही शाळेच्या फाटकापाशी संपतात. आत वर्गात काय घडते, एका माणसाच्या वाट्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय येते, हे गौरव करणाऱ्यालाही पाहावयाचे नसते आणि निंदा करणाऱ्यालाही.

आजचा विषय 'शिक्षकाच्या जीवनातील समतोल' असा ठरला आहे. समतोल हा शब्द कानावर पडला की मनःशांती, प्राणायाम, सकारात्मक विचार अशा गोष्टी आठवतात, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतही अलीकडे त्यांचा शिरकाव झालेला आहे. त्यांना हसण्याचे कारण नाही. दमलेल्या माणसाला दीर्घ श्वासाने बरे वाटते. परंतु तराजूच्या पारड्यांत कोण काय टाकीत आहे हे पाहिल्याशिवाय दांडी का कलली ते कळणार नाही, आणि दांडीलाच उपदेश करून ती सरळ होणार नाही.

तेव्हा एका शाळेत जावे हे बरे. बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्यात, दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा आहे. गावाचे आणि शिक्षिकेचे नाव सांगण्याचे कारण नाही. बीडमध्ये आणि शेजारच्या जिल्ह्यांत अशा शाळा आणि अशा बाई पुष्कळ आहेत. पहिली ते चौथी, पट बेचाळीस, शिक्षक दोन. बाईंकडे पहिली आणि दुसरी, गुरुजींकडे तिसरी आणि चौथी. गावातील निम्मी मुले वंजारी आणि मराठा कुटुंबांतील, काही दलित वस्तीतील, आणि दहा-बारा मुले पलीकडच्या माळावरील बंजारा तांड्यावरून येणारी. शाळेला कुंपण अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्या बाजूने शेळ्या येतात.

साडेदहाला परिपाठ होतो. तो आटोपून बाई वर्गात येतात तेव्हा पहिलीच्या मुलांना अक्षर दाखवावयाचे असते आणि दुसरीच्या मुलांना वजाबाकी. एकाच फळ्याला मध्ये रेघ मारून त्याचे दोन फळे झालेले आहेत. पहिलीची मुले पाटीवर 'म' गिरवीत असताना बाई उजवीकडे सरकतात. दुसरीचे उदाहरण मांडून होते न होते तोच डावीकडे कोणाची तरी पेन्सिल मोडते, कोणाला तरी शू लागते, कोणी तरी शेजाऱ्याच्या पाटीवर थुंकून ती पुसतो. बहुवर्ग अध्यापन असे याला प्रशिक्षणात नाव आहे. बाईंचे त्याबद्दलचे म्हणणे असे, की हे दोन चुलींवर स्वयंपाक करण्यासारखे आहे आणि तेवढ्यापुरते ते बाईमाणसाला नवीन नाही. अडचण दोन चुलींची नाही, मधेच दारावर कोणी तरी हाक मारतो त्याची आहे.

दारावरची हाक म्हणजे काय? पोषण आहाराचा तांदूळ किती आला, किती शिजला, किती उरला, याची नोंद. आज किती मुले जेवली, याची भ्रमणध्वनीवरून पाठवावयाची माहिती, आणि तांड्याच्या बाजूला संपर्क मिळत नसल्यामुळे त्यासाठी चढावयाचा उंचवटा. जी माहिती गेल्या महिन्यात कागदावर दिली तीच या महिन्यात संगणकावर, आणि संगणकावर दिलेली पुन्हा कागदावर, सहीशिक्क्यासह. गुरुजींना तालुक्याला बैठकीस बोलावले की चारी इयत्तांची बेचाळीस मुले एका खोलीत. मतदारयादीची फेरतपासणी, निवडणूक, निरनिराळी सर्वेक्षणे, हात धुण्याचे दिवस, झाडे लावण्याचे दिवस, आणि प्रत्येक दिवसाची छायाचित्रे.

येथे थोडा हिशेब करावा, कारण समाजवाद्यांना हिशेबाचे वावडे असू नये. संसदेने २००९ साली बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलेले आहे. म्हणजे दिवसाला चार तास. त्याच परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. कायद्याने दिलेले ८०० तास हे एका मुलाचे आहेत, एका इयत्तेचे आहेत. परंतु दोन शिक्षकांमध्ये चार इयत्ता वाटल्या की प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षक येतो तो निम्मा वेळ, म्हणजे ४०० तास. उरलेल्या वेळात मूल वर्गात असते, पाटी त्याच्यापुढे असते, शिक्षक मात्र दुसऱ्या फळ्यापाशी असतो. आता दोघांपैकी एक जण वर्षातून चाळीस दिवस बाहेर राहिला असे समजा. हा अंदाज फार मोठा नाही. त्या चाळीस दिवसांत प्रत्येक इयत्तेला चौथा हिस्सा. एकूण ३६० तास झाले. आणि रोजच्या चार तासांतील एक तास तांदूळ, रजिस्टरे आणि माहिती यांत गेला तर २७० उरतात. ८०० मधून २७०. राज्यघटनेच्या २१अ कलमाने २००२ साली मूलभूत हक्क म्हणून जे दिले, त्याचा साधारण तिसरा हिस्सा बालाघाटातल्या मुलापर्यंत पोहोचतो. उरलेला रस्त्यात सांडतो, आणि चौथीच्या मुलाला वजाबाकी का येत नाही म्हणून पारावर चर्चा होते.

याच परिशिष्टात आणखी एक ओळ आहे, जिची आठवण क्वचितच कोणी काढतो. शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे, आणि त्यात तयारीचे तास धरावेत. कायदा करणाऱ्यांना हे उमगले होते की उद्याचा धडा आज मनात मांडणे, कोणत्या मुलाचे कुठे अडते हे स्वस्थपणे आठवणे, चिंचोक्यांच्या पिशव्या आणि शब्दपट्ट्या करणे, हे काम आहे. फावल्या वेळचा छंद नाही. प्रत्यक्षात हे तयारीचे तास कोणाच्या वाट्याला जातात, ते सांगून झालेच आहे. चोर शोधावयाचा असेल तर तो येथे शोधावा. पगाराची चोरी पारावर कळते. वेळेची चोरी कळत नाही, कारण ती शासकीय परिपत्रकाने होते.

अधिनियमाचे २७ वे कलम शिक्षकाला शिक्षणेतर कामाला जुंपण्यास मनाई करते. अपवाद तीनच : दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका. सर्वोच्च न्यायालयाने त्याही आधी, २००७ साली, निवडणुकीशी संबंधित मतदारयाद्यांची कामे शिक्षकांकडून सामान्यतः सुट्टीच्या दिवशी व अध्यापनाच्या वेळेबाहेर करून घ्यावीत असा निर्णय दिला होता. न्यायालयाने मुलांचा वेळ वाचविला हे उत्तमच झाले; तो शिक्षिकेच्या सुट्टीतून वाचविला, हेही लक्षात असावे. बाईंच्या घरी दोन मुले आहेत, सासूबाईंना गुडघ्याचे दुखणे आहे, आणि शाळा घरापासून अठरा किलोमीटर. रविवारी त्या मतदारयादी घेऊन हिंडतात तेव्हा त्यांची धाकटी मुलगी शेजारणीकडे असते. बाईंच्या संसाराचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. ज्या चळवळीने बायकांच्या घरकामाला श्रम म्हणावयास शिकविले, तिच्या शिबिरात तरी हा प्रश्न येऊ नये.

शिक्षकाला इतर कामे लावण्याची कल्पना मुळात दुष्ट बुद्धीतून आली असे मात्र नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षकाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, नांगर किंवा वाकस हातात धरण्याची लाज नसलेले असावेत. त्यांचे वेतन कोणत्याही परिस्थितीत दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी नसावे आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावे, अशा त्यांच्या सूचना होत्या. त्याचबरोबर गावच्या हिशेबाचे तपासनीस, दस्तांचे नोंदणीकार, गावचे टपालमास्तर किंवा मुद्रांकविक्रेते म्हणून शिक्षकांना गावकारभारात सामील करून घ्यावे, असेही त्यांनी सुचविले होते. ज्या गावात कुलकर्ण्याच्या लेखणीचे राज्य होते तेथे शूद्रातिशूद्रांच्या शिक्षकाच्या हाती लेखणीबरोबर थोडी सत्ताही यावी, गावाने त्याला मानावे, हा त्यामागील हेतू होता. आज दीडशे वर्षे होत आली. शिक्षकाच्या हाती नोंदी आल्या, सत्ता आली नाही. जोतीरावांचा शिक्षक गावाचा हिशेब तपासणार होता. आजचा शिक्षक वरून आलेल्या नमुन्यात आकडे भरतो आणि ते चुकले तर खुलासा देतो.

बाईंचा तोल एकदा गेला. हा प्रसंग त्यांनी स्वतःच सहकाऱ्यांना सांगितलेला आहे आणि म्हणून येथे सांगण्यास हरकत नाही. दुपारी बाराच्या आत कसली तरी माहिती पाठवावयाची होती. दूरध्वनीवर दूरध्वनी येत होते. तांड्यावरचा दुसरीतला एक मुलगा वर्गात सतत बोलत होता, तेही गोरमाटीत, आणि त्याच्या बोलण्याने आजूबाजूची मुले हसत होती. आपली टिंगल चालली आहे असे बाईंना वाटले. त्या उठल्या आणि त्यांनी त्याच्या तोंडात मारली. मुलगा रडला नाही. त्याने बाकाखालून दोन-अडीच वर्षांच्या बहिणीला ओढून कडेवर घेतले आणि तो वर्गाबाहेर गेला. आईबाप कामावर गेलेले. सांभाळावयास कोणी नाही म्हणून त्याने तिला शाळेत लपवून आणले होते आणि ती 'याडी, याडी' करून आईसाठी रडू नये म्हणून तो तिच्याशी बोलत होता. पुढे चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी बाई तांड्यावर गेल्या. क्षमा कशी मागावी याची जुळवाजुळव त्यांनी वाटेत केली होती. मुलाच्या आईने ती ऐकूनच घेतली नाही. "मारलं तर मारलं बाई," ती म्हणाली, "पण लेकराला शाळेतून काढू नका."

बाई सांगतात, की त्या आईने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. शारीरिक शिक्षेला अधिनियमाच्या १७ व्या कलमाने बंदी आहे आणि ती असावयासच हवी. बाईंनी केले ते चूकच होते व त्यांनी ते चूकच म्हटले. परंतु कलमाच्या पलीकडे या प्रसंगात जे आहे त्याकडे कार्यकर्त्यांनी पाहावे. वरून येणारा दाब शिक्षिकेवर पडतो, आणि तिच्या खाली, उतरंडीच्या अगदी तळाशी, तांड्यावरचा सात वर्षांचा मुलगा असतो. दाब वरच्या दिशेने परतविण्याचे कोणतेही साधन शिक्षिकेजवळ नसते, म्हणून तो खाली जातो. मुलाने तरी काय केले होते? घरच्या श्रमातील त्याच्या वाट्याला आलेला वाटा उचलून तो शाळेत आला होता. दोघेही आपापला तोल सांभाळण्याच्या खटपटीत होते, आणि एकाच्या हातात मारण्याचे बळ होते.

त्यानंतर बाईंनी काही गोष्टी बदलल्या. त्या फार मोठ्या नाहीत. पहिला तास त्यांनी राखून ठेवला आहे. परिपाठ संपल्यापासून तासभर भ्रमणध्वनी कपाटात आणि कपाटाला कुलूप. या तासात माहिती मागणाऱ्याला माहिती उशिरा मिळते. त्याबद्दल त्यांना दोनदा लेखी विचारणा झाली आणि दोन्ही वेळा त्यांनी 'अध्यापन चालू होते' एवढेच उत्तर लिहिले. धाकटे भावंड घेऊन येणाऱ्या मुलासाठी खोलीच्या कोपऱ्यात एक पोते अंथरलेले असते. नियमात ते बसत नाही. अंगणवाडी तांड्यावर नाही, हेही कोठल्या नियमात बसत नाही. गोरमाटीतील शंभरेक शब्द त्यांनी त्याच मुलाकडून शिकून घेतले, आणि शिकविताना त्याला फळ्यापाशी उभे केले. आणि एक वही. वहीत प्रत्येक मुलासाठी एक पान. रोज सगळ्यांविषयी लिहिणे होत नाही, म्हणून रोज पाच मुलांविषयी एकेक ओळ. 'आज स्वतःहून बोलली.' 'सतरातून नऊ तोंडी गेले, पाटीवर नाही.' 'उपाशी आला.' या वहीला कोणी वरिष्ठ सही करीत नाही. सगळ्या कागदांत बाईंना एवढा एकच कागद कामाचा वाटतो.

वह्या तपासावयाच्या घरी न्यावयाच्या नाहीत हेही त्यांनी ठरवून टाकले, आणि त्याचे त्यांना वाईट वाटते. येथे चळवळीतील माणसांनी थोडे थांबावयास हवे, कारण शिक्षकाला वाईट वाटावयास लावण्यात चळवळीचाही हात आहे. साने गुरुजींचे नाव घेऊन किती शिक्षकांना किती वेळा लाजविले गेले असेल! गुरुजींनी अमळनेरला छात्रालयातील मुलांचे अंथरूण-पांघरूण पाहिले, त्यांच्यासाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढले, हे सारे खरे. परंतु गुरुजींनी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शाळेत शिकविले आणि १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात गेले. संसार त्यांनी मांडलाच नाही. त्यांच्या त्यागाचा गज घेऊन दोन मुलांची आई असलेल्या, तीस-पस्तीस वर्षे वर्गात उभे राहावयाच्या शिक्षिकेला मोजणे हा गुरुजींचाही सन्मान नव्हे. समर्पण हे माणूस आपखुशीने करतो. शासन जेव्हा ते गृहीत धरून मनुष्यबळ कमी करते, तेव्हा त्याला वेठ म्हणतात. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधन होते. २०२३ साली ते १६,००० झाले. पूर्ण वेळ शिकविणाऱ्या माणसाला 'सेवक' म्हणावयाचे आणि वेतनाला 'मानधन', यातला मान शोधून काढणे अवघड आहे.

शिक्षक संघटनांविषयीही दोन शब्द बोलावे लागतील, आणि ते समोर बसलेल्यांना रुचतील असे नाही. १९७७-७८ च्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या चौपन्न दिवसांच्या संपापासून मार्च २०२३ मधील जुन्या निवृत्तिवेतनासाठी झालेल्या संपापर्यंत, महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी एकजुटीने लढण्याची परंपरा राखली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचे निवृत्तिवेतन हिरावून घेतले गेले, त्यासाठी लढणे न्याय्यच होते. परंतु तयारीच्या तासांसाठी संप झाल्याचे कोणाच्या स्मरणात आहे काय? दोन शिक्षकी शाळेला तिसरा शिक्षक मिळावा, या एकाच मागणीवर कधी जिल्हा बंद राहिला आहे काय? वेतनाच्या मागणीत शिक्षकाचे हित आणि मुलाचे हित वेगवेगळे दाखविता येते आणि सरकार ते नेमके दाखविते. वेळेच्या मागणीत ते वेगळे करताच येत नाही. जी मागणी पालकांना संघटनेच्या बाजूला आणील तीच मागणी मागण्यांच्या यादीत शेवटच्या पानावर असते.

पक्षांचेही यात काही चुकले आहे. शिक्षकांचा विचार विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघापुरता होतो. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणे त्या मतदारसंघात मत असते ते माध्यमिक शाळेच्या खालच्या दर्जाच्या नसलेल्या संस्थांतील शिक्षकांना. म्हणजे बालाघाटातील या बाईंना शिक्षक म्हणून मतच नाही. निवडणुकीचे काम त्यांना आहे, मतदारयादी त्या तयार करतात. शिक्षकांच्या आमदाराच्या निवडणुकीत मात्र त्या मतदार नाहीत. राज्यकर्त्यांना प्राथमिक शिक्षकाची आठवण मतदान केंद्राध्यक्ष नेमताना येते, याचे हे एक कारण असू शकेल.

आता दिवाळीनंतरची गोष्ट. सहामाही परीक्षा संपते, आणि पंधरा दिवसांत गाव अर्धे रिकामे होते. पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसाचे नाव हत्याराला द्यावे आणि हत्याराचे माणसाला, हा प्रकार समाजवादाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक शिकवून जातो. मुकादमाने उचल दिलेली असते ती पावसाळ्यातच, आणि ती लग्नाला, दुखण्याला, बियाण्याला खर्चून झालेली असते. जोडीबरोबर मुले जातात. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळावयास, आठ-दहा वर्षांचा मुलगा बैलांना वाढे घालावयास. मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणे.

बाईंच्या वहीत अशा मुलांची पाने नोव्हेंबरात थांबतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा सुरू होतात. मधली पाने कोरी. शासनाने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना केलेली आहे : मूल आजीआजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहावे आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेने करावी. योजना चांगली आहे. तिची मंजुरी येईपर्यंत टोळ्या गेलेल्या असतात, एवढाच तिच्यातला दोष. गेल्या हंगामात चौथीतली एक मुलगी, वर्गात सर्वांत चांगली वाचणारी, आजीकडे राहावयास तयार झाली होती. बाई आणि गुरुजी दोघेही घरी जाऊन आले होते. आजी म्हणाली, पोरीला ठेवून घेते, पण माझ्या एकटीच्या पिठात दोघींचे कसे भागावे? पंधरा दिवस बाईंनी स्वतःच्या घरून पीठ दिले. सोळाव्या दिवशी मुलीचा बाप साताऱ्याकडून येऊन तिला घेऊन गेला, कारण फडात तिच्या धाकट्या भावाला ताप होता आणि आईला काम सोडता येत नव्हते. खाडा झाला की उचल फिटत नाही. त्यानंतर आठ दिवसांनी वसतिगृहाची मंजुरी आली.

अशा वेळी हजेरीपटावर काय लिहावयाचे? खरे लिहिले, की इतकी मुले चार महिने गैरहजर आहेत, तर पट का घसरला म्हणून विचारणा होते. पटावर शिक्षकांची पदे ठरतात. एक पद गेले की गुरुजी जातील आणि चार इयत्ता एकट्या बाईंकडे येतील. खोटे लिहिले तर पद राहते, तांदूळ येतो, आणि मुलगी कागदावर शाळेत असते. कागदावर शाळेत असलेल्या मुलीला शोधावयास कोणी साताऱ्याला जात नाही. बाई आणि गुरुजी यांचा या प्रश्नावर वाद झाला. गुरुजींचे म्हणणे, उरलेल्या तीस मुलांचे दोन शिक्षक टिकविणे हेही मुलांचेच हित आहे. ते म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. ज्याने एकट्याने चार वर्ग सांभाळले आहेत त्याचे ते म्हणणे आहे. बाईंनी खरी गैरहजेरी लावली. पुढे काय होते ते अजून ठरावयाचे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले, आणि अशा शाळा राज्यात सुमारे १५,००० होत्या. त्यामुळे पट या शब्दाने डोंगरातील शिक्षकाच्या छातीत का धस्स होते हे शहरातील मंडळींना कळावे. ज्या सरकारला तांड्यापर्यंत रस्ता नेता आला नाही ते तांड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलीला पाच मैलांवरच्या शाळेत रोज कसे नेणार आहे?

थोर शिक्षणशास्त्रज्ञ जे. पी. नाईक यांनी १९७५ साली भारतीय शिक्षणाचे वर्णन समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा हुलकावणी देणारा त्रिकोण असे केले होते. तिन्ही भुजा एकदम हातात येत नाहीत. पटाच्या नियमाने संख्या सांभाळावयास जावे तर समता निसटते. गुणवत्तेच्या नावाने लहान शाळा मिटवाव्यात तर उरतात ती फक्त जवळ राहणारी मुले. या त्रिकोणाला कोसबाडच्या टेकडीवर एक उत्तर मिळाले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहिल्यावर मुलांना दोष दिला नाही. गुरे राखणारी मुले ज्या कुरणात असतात तेथेच त्यांनी कुरणशाळा नेली. मूल जेथे काम करते तेथे शाळा जाऊ शकते, हे तेथे सिद्ध झालेले आहे. कारखान्याच्या पट्ट्यात साखरशाळांचे प्रयत्नही झाले. ते टिकले नाहीत याचे कारण शिक्षणशास्त्रात नाही. टोळीच्या मजुरीचा दर ठरविताना कारखानदार, मुकादम आणि कामगारांच्या संघटना एकत्र बसतात. त्या टेबलावर टनाचा भाव असतो, मुकादमाचे कमिशन असते. मुलाची शाळा त्या टेबलावर अजून आलेली नाही. ती आणावयाची तर ऊसतोड कामगारांत काम करणाऱ्यांनीच आणली पाहिजे. बाई तेथे पोहोचू शकत नाहीत, त्यांना त्या दिवशी तांदळाचा हिशेब द्यावयाचा असतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती मुलगी परत आली. वाचन विसरली नव्हती; कोपीत वर्तमानपत्राच्या कागदात बांधून येणारा किराणा ती वाचीत असे. गुणाकार मात्र विसरली होती. तिला कोणी तरी विचारले, तर एका गाडीत किती मोळ्या बसतात आणि आईबापांची किती उचल फिटावयाची राहिली, हे तिने आकड्यांसह सांगितले. बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावून तेच आकडे मांडावयास लावले आणि त्यावरूनच गुणाकार पुन्हा सुरू केला. मधल्या कोऱ्या पानांवर तिने स्वतः लिहावे असे त्यांनी सुचविले. तिने तीन पाने लिहिली. भावाचा ताप, बैलाचा खूर, आणि रात्री गाडी भरावयास उठावे लागते तेव्हाची थंडी.

जूनमध्ये ती पाचवीसाठी मोठ्या गावच्या शाळेत जाईल आणि दिवाळीनंतर पुन्हा तोच प्रश्न येईल. या भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे म्हणून एक अगदी साधे काम ठेवावयाचे आहे. उचल वाटली जाते ती पावसाळ्यात. कोणत्या घराने उचल घेतली हे गावात सर्वांना ठाऊक असते. कोणती मुले जाणार हे त्याच दिवशी कळते. पोळ्याच्या आत अशा मुलांची यादी गावागावांत शिक्षकांबरोबर बसून करावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह हंगामी वसतिगृहाची मागणी तालुक्याला द्यावी, आणि मंजुरी सहामाही परीक्षेच्या आत येईपर्यंत कचेरीच्या पायरीवरून उठू नये. यादी लिहिण्याचे काम मात्र बाईंवर टाकू नये. वही घेऊन कार्यकर्त्याने जावे, आणि शाळा सुटल्यावर जावे.